सातच्या गाडीचा डबा

कुंडल
सोमवार, ता. २४ जून १९७४

चि. अंजना हीस आईचे आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे असं आधी लिहायचं, हे साक्षरतेच्या वर्गात गुरुजींनी शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. तिकडची खुशाली तू कळवत नाहीस. चांदसाहेब कंडक्टर रोज संध्याकाळी रिकामा डबा देताना सांगतो, "पोरगी बरी हाय वहिनी, जरा वाळलीय." तेवढ्यावर भागवते.

तुझं कार्ड शनिवारी आलं. पहिला वर्ग मिळाला. पदवी घ्यायला जाणार नाही, पुढं एम.ए. करणार नाही. डबा पाठवू नका. संपलं. असलं कार्डावर लिहितात व्हय? आधी पोस्टमननं वाचलं, मग चावडीवर वाचलं, मग मला मिळालं. तुझे थोरले आबा पहिला वर्ग ऐकून पेढे घेऊन आले आणि पुढचं कळल्यावर पुडा हातात धरून तसेच बसले. शेवटी मी म्हटलं, "भावजी, ठेवा आता खाली, मुंग्या लागतील."

म्हैस व्याली. रेडी झाली. उसाला पाणी थोरले आबाच देतात. शेजारच्या दिलशादचा गुडघा सुजलाय, तरी सकाळी माझ्या आधी उठून तिचा झाडू वाजतो. डेपोतला माणूस येऊन तुझ्या अण्णांचा बिल्ला आणि टोपी घेऊन गेला. दोन खाकी शर्ट मागत होता. एकच दिला.

अंजे, तू रुसून सांगलीत मैत्रिणीच्या, अकिलाच्या घरी किती दिवस राहणार? लोकांच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन किती दिवस निघतील? अकिलाची आई चांगली बाई आहे, पण परक्या चुलीवरचं रोज खाऊ नये. अण्णा गेले त्या वेळचं तू धरून बसली आहेस. तेव्हा जे झालं ते मोठ्या माणसांनी ठरवलं. भावकी बसली, पोरीची तीन वर्षांची मेहनत वाया जाईल, पेपर होईपर्यंत कळवायचं नाही, असं ठरलं. बाईमाणसाचं तिथं कोण ऐकतंय?

तू डबा पाठवू नका म्हटलंस. मी पाठवते. हे पत्र वरच्या पुडात ठेवलंय, म्हणजे झाकण तरी उघडशील. खाली तीन भाकरी, वांगं आणि शेंगदाण्याची चटणी आहे. जेव.

तुझी आई

*

कुंडल
शनिवार, ता. २९ जून १९७४

चि. अंजना हीस आशीर्वाद.

सोमवारचा डबा सोमवारीच परत आला. कडीसुद्धा उघडली नव्हतीस. मंगळवारचा, बुधवारचा, रोजचाच तसा आला. वांगं म्हशीनं खाल्लं, भाकरी दिलशादच्या कोंबड्यांनी. पत्राला चटणीचं तेल लागलं, ते ह्याच पाकिटात घातलंय. आधी ते वाच, मग हे. त्यात एक गोष्ट खोटी लिहिली आहे. ती कोणती, ते पुढं सांगते.

हे बंद पाकिटातून टपालानं पाठवते, पोस्टमनच्या हाती वाचायला काही लागू नये. लिहायला तीन दिवस लागले. गुरुजींनी शिकवलं तसं लिहिते, मध्येच बोलल्यासारखं झालं तर समजून घे. तू आठ वर्षांची होतीस तेव्हा दोघी एका पाटीवर शिकलो. गावातली सगळी माणसं शिकली म्हणून साहेब आला, त्यानं नारळ फोडला आणि मला फळ्यावरचं वाचायला लावलं. मी अडले तेव्हा तू मागून हळूच सांगितलंस. आता मागून सांगायला कोणी नाही.

ह्यातलं पुष्कळ तुला माहीत आहे. तरी सगळं ओळीनं लिहिते, नाहीतर माझं मलाच लागत नाही.

एप्रिलची नऊ तारीख, मंगळवार. मुक्कामाची गाडी नेहमीसारखी चावडीपुढं उभी होती. साडेपाचला अण्णा उठले, चहा घेतला, खाकी शर्ट घातला. वरची दोन बटणं लावली आणि तिसरं न लावताच उंबऱ्यावर बसले. मी म्हटलं, "बसता काय, उशीर हुतोय." ते बोलले नाहीत. मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा हात लावला.

सहा वाजता घरात माणसं जमली. गाडीत सांगलीला जाणारी माणसं येऊन बसली होती, त्यांना काही ठाऊक नव्हतं. एकजण खिडकीतून ओरडत होता, "आवं ड्रायवर, झालं का न्हाई च्या पिऊन?"

आता ती खोटी गोष्ट. भावकी बसली नाही. कुणी काही ठरवलं नाही. थोरले आबा रडत होते, तरी पहिल्यांदा ते हेच बोलले, "अंजीला आणाय पायजे. लालासाहेबाची मोटारसायकल हाय. दोन-अडीच तासात पोरगी हितं येती."

मी म्हटलं, "न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"तिचं पेपर चाललंत. बारा दिवसानं संपत्यात. तवर कुणी सांगायचं न्हाई."

"हरणा, बाप हाय तिचा."

"माझा नवरा हाय. मी सांगती तसं करा."

असं मी भावजींच्या तोंडाकडं बघून बोलले. लग्न होऊन आल्यापासून डोक्यावरचा पदर खाली पडू दिला नव्हता त्यांच्यापुढं. तेव्हा जे केलं ते मी केलं. तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस, ते टाकू नको. त्या म्हाताऱ्या माणसानं माझं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं आणि तुझ्या शिव्या गुमान ऐकल्या.

मग माझ्या ध्यानात आलं, डबा. तीन वर्षं रोज सातच्या गाडीनं डबा गेला. तुझे अण्णा स्वतः गाडी चालवत न्यायचे आणि सांगलीच्या स्टँडवर तुझ्या हातात द्यायचे. एक दिवस डबा चुकला असता तर तू अकरा वाजता पेपरला न जाता गावाकडं निघाली असतीस. मी ओळखते तुला.

घरात चूल पेटवायची नव्हती. मी पिठाचा डबा काखेत घेतला आणि शेजारी दिलशादकडं गेले. ती दारात बसून रडत होती. मी म्हटलं, "चूल पेटव." ती माझ्याकडं बघतच राहिली. मग मीच पेटवली. तीन भाकरी थापल्या. अंगणात त्यांना घोंगडीवर ठेवलेलं होतं, दिलशादच्या दारातून पाय दिसत होते. पायात अजून मोजे होते. मी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आरावर लावली. फुगली. तिन्ही फुगल्या. एक कडेला लागायला लागली तशी मी पटकन फिरवली.

साळूबाई जाऊबाई शोधत आल्या. दारातच थांबल्या. म्हणाल्या, "नवरा दारात आन ही भाकरी थापतीया! बाई हाय का कोण हाय?" मी म्हटलं, "आवं, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

हे तुला कुणी सांगितलं नसेल. आता मी सांगितलं.

चांदसाहेबाला डबा दिला तर तो घेईना. "वहिनी, त्या पोरीला मी कडेवर खेळवलंय. तिच्यापुढं खोटं कसं बोलू?"

"म्हसवडच्या गाडीवर टाकलंय म्हण. पंधरा दिवस तिकडंच हायती म्हण."

"म्हणतो. पण अल्ला बघतोय, वहिनी."

"बघू दे."

गावातला गुंडा ड्रायवर रजेवर आला होता, त्याला बसवून गाडी काढली. सातची गाडी साडेसातला सुटली. ती वळणावर दिसेनाशी झाली आणि इकडं आम्ही ह्यांना उचललं.

पुढचं बारा दिवसांनी चांदसाहेबानं सांगितलं. तू स्टँडवर विचारलंस, "अण्णा कुठायत?" त्यानं सांगितलं ते तुला खरं वाटलं. तू हसलीस. म्हणालीस, "त्यांना निरोप द्या, आज नीतिशास्त्राचा पेपर आहे. जीवनाचं ध्येय नक्की येणार." आणि ते आलंच म्हणे. बाराव्या दिवशी तू घरी आलीस, माझं कपाळ बघितलंस आणि जे बोललीस ते मला पाठ आहे. "इकडं अण्णा जळत होते आणि तिकडं मी जीवनाचं ध्येय सोळा मार्कांना लिहीत होते." मग म्हणालीस, "तू रडलीस तरी का? तू दगड आहेस."

नाही रडले. अजून नाही. बायकांनी बांगड्या फोडल्या, मनगटाला काच लागली, रक्त आलं, ते मला दुसऱ्या कुणीतरी दाखवलं. मिरजेला माझी दाढ काढली तेव्हा डॉक्टरनं सुई दिली होती, आठवतंय? अण्णांच्याच गाडीनं गेलो होतो. येताना मी पान खाल्लं आणि गाल चावला, मला पत्ताच नाही. लुगड्यावर रक्त पडलं तेव्हा अण्णांनी आरशातून बघितलं आणि गाडी थांबवून हसत बसले. तसं झालंय आता, सगळ्या अंगाला. मी जेवते. झोपते. धार काढते, दूध डेअरीला घालते. कुणी हसलं तर हसते. जिथं दुखायला पाहिजे तिथं हात लावून बघते, तर काही नाही. साडेअकरा आठवडे झाले, सुई उतरत नाही.

तुझ्या कॉलेजचं एक सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी तू अण्णांना स्टँडवर सांगितलंस, आमचे सर म्हणतात शिक्षण नोकरीसाठी नसतं, आपण कोण आणि जगायचं कशासाठी हे शोधायला असतं. तू पाच मिनिटांत सांगून गेलीस आणि इकडं हा माणूस महिनाभर तेच घेऊन बसला. जेवताना घास हातात धरून विचारायचे, "हरणा, मी कोण?" मी म्हणायचे, "ड्रायवर." "आन कशासाठी?" "कुंडल-सांगली, सांगली-कुंडल. भाकरी खावा, गार हुतीया." ते हसायचे. एकदा हसले नाहीत. म्हणाले, "आपल्या घरात आजवर हे शोधाय कुणाला सवड मिळाली न्हाई. अंजीला शोधू दे. घाई करू नको तिला, लग्नाचीबी."

मला तेव्हा राग आला होता. पोरीला शिकवायचं ते मास्तरीण व्हावी, चार जणींत ताठ उभी राहावी म्हणून. शोधायचं काय त्यात, हरवलंय का काही? असं मी म्हटलं. आज त्यांना असं बोलले नसते, पण तेव्हा बोलले.

तू म्हणशील, मग त्यांचं ऐकून तू माझा पेपर वाचवलास. आता नीट वाच. हे लिहायलाच तीन दिवस लागले.

मी पेपर वाचवला नाही. त्या सकाळी पेपर माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता. मी ते भावजींना सांगितलं, कारण ते सांगितल्यावर पुढं कुणी बोलत नाही. खरं कारण हे, की तू आली असतीस तर धावत येऊन माझ्या गळ्यात पडली असतीस. मला तुला धरावं लागलं असतं. माझ्यात ते नव्हतं. माझे हात भाकरी थापू शकत होते, तुला धरू शकत नव्हते. तू समोर आलीस तर मी उभी राहणार नाही, एवढंच मला कळत होतं. म्हणून तुला लांब ठेवलं. तुझ्या बापाचं तोंड तुला बघू दिलं नाही ते माझ्यासाठी, तुझ्यासाठी नाही.

तुझे सर म्हणतात, स्वतःला ओळखायला कॉलेजात जावं लागतं. मी एका पाटीवर शिकलेली बाई. मला त्या दिवशी दिलशादच्या चुलीपुढं कळलं, मी कोण आहे ते. नवरा मेलाय आणि भाकरी करपू नये म्हणून जी फिरवते, ती मी. कळलं. आवडलं नाही. सरांना माझा नमस्कार सांग आणि विचार, कळल्यावर आवडलं नाही तर पुढं काय करायचं असतं. पुस्तकात असेल तर वाचून दाखव.

आणि ही गोष्ट तुझ्या कामाची आहे. अण्णांचं तोंड बघण्याच्या बदल्यात पहिला वर्ग घेतला असं तू समजून बसली आहेस, म्हणून तुला तो नको. तो तसा घेतलेला नाही. मी जे केलं त्याचा तुझ्या पेपराशी संबंध नव्हता. तू जे लिहिलंस ते तुझं तू लिहिलंस, अण्णा म्हसवडला आहेत असं समजून, त्यांना संध्याकाळी निरोप पोचेल असं समजून. त्यात माझं पाप मिसळू नको. राग माझ्यावर काढ, पाहिजे तेवढा. पदवीवर काढू नको. आणि एवढं कळूनही नको वाटली, तर नको. पण मग ते तुझ्या कारणानं होऊ दे, माझ्या नको.

कोल्हापूरच्या वसतिगृहाचा फॉर्म घरच्या पत्त्यावर आलाय. दहा जुलै शेवटची तारीख आहे. पालकाची सही मागितली आहे. तिथं अण्णांनी सही केली असती. मी दिनदर्शिकेच्या मागं चार वेळा नाव गिरवलं, मग फॉर्मवर केली. हरणाबाई आकाराम देवकर. र जरा वाकडा झालाय, पण वाचता येतो. त्याच्या वरती एक रकाना आहे, "पुढील शिक्षण घेण्याचा हेतू". लालासाहेब म्हणाला, काकी, मी लिहून देतो, देशाची सेवा लिहायचं असतं. मी फॉर्म काढून घेतला. तो रकाना मोकळा आहे. तो भरणं माझं काम नाही, लालासाहेबाचं तर नाहीच.

फॉर्म टपालात घालणार नाही. गुरुवारी, चार तारखेला, सातच्या गाडीनं मी येते. वर्षाच्या आत बाहेर पडायचं नसतं म्हणून जाऊबाईंनी कालच तोंड वाजवलं. वाजवू देत. अठरा वर्षं तुझे अण्णा म्हणायचे, "एकदा चल, माझ्या मागच्या शीटवर बस, सांगली दाखवतो." मी म्हणायचे, "म्हशीची धार तुमचा डेपोचा साहेब काढणार का?" दाढेच्या वेळी बसले तेवढंच. आता गुंडा ड्रायवर त्या गाडीवर असतो. धार दिलशाद काढणार आहे.

सोमवारपासून डबा बंद. गुरुवारी माझ्या मांडीवर असेल. त्यात भाकरी, फॉर्म, आणि पिशवीत तो दुसरा खाकी शर्ट. तू मागितला होतास तेव्हा मी जाळला म्हणून सांगितलं, तेही खोटं. धुतला नाही. वरची दोन बटणं काढून तो अंगातून उतरवला, बाकीची तेव्हाही उघडीच होती.

साडेनऊला मी स्टँडवर उतरेन, जिथं ते उभे राहायचे तिथं. तू आलीस तर ये. फॉर्म फाडायचा असेल तर माझ्यासमोर फाड. नाही आलीस तर साडेबाराच्या गाडीपर्यंत बसेन आणि परत येईन.

तू समोर आल्यावर काय होईल ते मला सांगता येत नाही. सुई उतरली तर तिथंच उतरेल, चारचौघांत. लोक बघतील.

बघू देत.

तुझी आई
हरणाबाई